डुकराच्या मांसाचा दर्जा आणि स्नायूतली जनुकं: यादीत वर आलेलं जनुक कारण असतंच असं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच ठिकाणी, एकाच खाद्यावर वाढलेली, एकाच दिवशी कापलेली डुकरं. काहींच्या पाठीच्या लांब स्नायूचं मांस फिकं, मऊ आणि पाणी सोडणारं निघालं, तर काहींचं लालसर आणि घट्ट. दोन्ही गटांच्या स्नायूंमधला आरएनए (जनुक चालू असताना त्यावरून बनणारा संदेश) वाचून घेतला तेव्हा काही शे जनुकांची सक्रियता वेगळी दिसली. यातलं नेमकं कोणतं जनुक मांस बिघडवतं, आणि पैदाशीसाठी नर निवडताना त्याचा उपयोग होईल का?

आधी थेट उत्तर देतो. त्या यादीतली बहुतेक जनुकं मांस बिघडवत नाहीत. स्नायूत आधी काहीतरी घडून गेलेलं असतं आणि ही जनुकं म्हणजे त्याच्या खुणा असतात. ज्या जनुकामुळे खरोखर मांस बिघडतं ते कधीकधी यादीत असतंच नाही, कारण त्याच्या आरएनएचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच असतं. हे नीट समजायला मांस बिघडतं म्हणजे नक्की काय होतं, तिथून सुरुवात करावी लागते.

जिवंत, शांत डुकराच्या स्नायूचा सामू (पीएच; आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) सातच्या किंचित वर असतो. रक्त वाहून गेलं की ऑक्सिजन थांबतो, पण स्नायू लगेच थांबत नाही. त्याला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, लागतच असतं आणि ते तो साठवलेल्या ग्लायकोजेनमधून (स्नायूतल्या साखरेच्या साठ्यातून), ऑक्सिजनशिवाय मिळवतो. त्यातून तयार होणारं आम्ल वाहून न्यायला आता रक्त नसतं, म्हणून ते जागेवरच साचतं. सगळं सुरळीत झालं तर पाऊण तासाने सामू ६.३ च्या आसपास असतो आणि २४ तासांनी ५.५ ते ५.७ वर येऊन थांबतो. आता दोन गोष्टी वेगळ्या धरा: सामू किती वेगाने उतरतो आणि शेवटी किती खाली जातो. पाऊण तासातच तो ६ च्या खाली आला, तर त्या वेळी मांस अजून ३५ अंशांहून गरम असतं. आम्ल आणि उष्णता एकत्र आल्या की मायोसिनसारखी, स्नायू आकसवणारी प्रथिनं विरूपित होतात, म्हणजे त्यांची घडी मोडते, तंतूंमधली जागा आवळते आणि पाणी बाहेर ढकललं जातं. स्नायूचा सुमारे ७५ टक्के भाग पाणीच असल्याने थोडं आवळणंही ट्रेमध्ये लगेच दिसतं. विरूपित प्रथिनं प्रकाश जास्त परावर्तित करतात म्हणून मांस फिकं दिसतं. पुष्कळांना वाटतं रंगद्रव्य कमी असल्याने मांस फिकं होतं, पण बहुतेक वेळा तसं नसतं.

याउलट सामू हळूहळूच उतरला, पण शेवटी ५.३ - ५.४ पर्यंत गेला, तरीही पाणी सुटतं. कारण स्नायूतल्या मुख्य प्रथिनांवरचा विद्युतभार ज्या सामूला शून्य होतो (पाचच्या थोडं वर) त्याच्या आपण जवळ पोचतो आणि प्रथिनांची पाणी धरण्याची ताकद संपत येते. म्हणजे ट्रेमधलं पाणी सारखंच दिसलं तरी त्यामागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. तुमच्या ‘बिघडलेल्या’ गटात ही दोन्ही प्रकारची डुकरं मिसळलेली असतील, तर आरएनएची तुलना सुरुवातीलाच गढूळ झाली. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: पाऊण तासाचा सामू मोजला होता का, की फक्त दुसऱ्या दिवशीचा?

(तिसरा प्रकार गडद, घट्ट, कोरड्या मांसाचा. डुक्कर कापण्याआधीच दमलेलं किंवा उपाशी असेल तर ग्लायकोजेन संपलेलं असतं आणि सामू ६ च्या खाली उतरतच नाही. तो जवळजवळ सर्वस्वी हाताळणीचा प्रश्न आहे, त्यामुळे इथे बाजूला ठेवतो.)

आता जनुकांकडे येऊ. ज्या चार उदाहरणांनी या विषयाचा पाया घातला, ती मी विद्यार्थ्यांना एकापाठोपाठ एक सांगतो, कारण प्रत्येकात ‘सक्रियता’ या शब्दाचा अर्थ वेगळा निघतो.

पहिलं जनुक आरवायआर-१. ताण आला की काही डुकरं ताठ होऊन, तापून मरतात आणि त्यांचं मांस हमखास फिकं निघतं, हे फार आधीपासून माहीत होतं. सत्तरच्या दशकात अशी डुकरं ओळखण्यासाठी पिलांना थोडा वेळ हॅलोथेन हे भुलीचं औषध हुंगवायचे. पाय ताठ झाले की दोष आहे असं समजायचं. १९९१ साली कॅनडातल्या डेव्हिड मॅक्लेनन यांच्या गटाने त्यामागचा बदल दाखवला: जनुकाच्या अक्षरांत १८४३ व्या जागी सी ऐवजी टी, आणि त्यामुळे प्रथिनात ६१५ व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन. हे प्रथिन म्हणजे स्नायूपेशीतल्या कॅल्शियमच्या कोठाराचं दार. बदललेलं दार सहज उघडतं आणि लवकर मिटत नाही. कॅल्शियम बाहेर आलं की स्नायू आकसतो, एटीपी जळतं, ग्लायकोजेन भराभर तुटतं आणि सामू कोसळतो. इथे मुद्दा असा, की बिघाड दाराच्या घडणीत आहे. दारं किती आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही. आरएनए मोजून हे जनुक यादीत वर येईल अशी अपेक्षाच धरू नये. पण त्याचे परिणाम, म्हणजे उष्णताघाताच्या वेळी बनणाऱ्या प्रथिनांची जनुकं आणि कॅल्शियमला प्रतिसाद देणारी जनुकं, ती मात्र यादीत ठळक दिसतील.

दुसरं पीआरकेएजी-३. हॅम्पशायर जातीच्या डुकरांच्या मांडीचं मांस खारवून शिजवलं की वजन फार घटतं, हे फ्रान्समध्ये लक्षात आलं. ज्या चाचणीने ते मोजलं तिला ‘नापोल’ म्हणतात. नावो, पोमरे आणि लेशो या तीन संशोधकांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून ते नाव झालं. २००० साली त्यामागचं जनुक सापडलं. पेशीतल्या ऊर्जेवर नजर ठेवणाऱ्या एएमपीके या विकराचा (एन्झाइमचा) एक भाग हे जनुक बनवतं. २०० व्या जागी आर्जिनिनच्या ऐवजी ग्लुटामिन आलं की पांढऱ्या स्नायूत ग्लायकोजेनचा साठा सुमारे ७० टक्क्यांनी वाढतो. कापल्यानंतर सामू उतरण्याचा वेग नेहमीचाच राहतो, पण जळण जास्त असल्याने तो फार खोल जातो. बदल पुन्हा प्रथिनाच्या घडणीतच. मात्र याच जनुकात शेजारच्या १९९ व्या जागी एक दुसरा बदल आढळतो, त्याने ग्लायकोजेन कमी होतं आणि मांस सुधारतं. त्यामुळे ‘हे जनुक वाईट आहे’ असं म्हणणं मला पटत नाही. जनुकाचं कोणतं रूप आहे, ते विचारलं पाहिजे.

तिसरं पीएचकेजी-१. हे तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं आहे, कारण इथे आरएनएची पातळी आणि कारण एकाच जागी आहेत. २०१४ साली हा बदल प्रसिद्ध झाला. आरएनए जोडताना कुठे कापायचं हे सांगणारी जी खूण असते, तीच बिघडते. मग संदेशातला एक तुकडा गळतो, वाचनाची चौकट सरकते आणि मध्येच थांबण्याची सूचना येते. असा अर्धवट संदेश पेशी स्वतःच नष्ट करते, म्हणून या जनुकाचा आरएनए कमी दिसतो. त्यापासून बनणारं विकर ग्लायकोजेन तोडायची प्रक्रिया सुरू करून देतं. ते नसल्याने जिवंतपणी ग्लायकोजेन साचत राहतं आणि नंतर मांस पाणी सोडतं. तुमच्या यादीत हे जनुक खाली गेलेलं दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी त्याचाच पाठपुरावा करा.

चौथं आयजीएफ-२, आणि मला स्वतःला सर्वांत मोहवणारं. इथे प्रथिन जसंच्या तसं आहे. जनुकाच्या तिसऱ्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनात कधीच न जाणाऱ्या भागात, एका अक्षराचा फरक आहे: जी च्या जागी ए. त्या जागी झेडबेड-६ नावाचं एक दडपणारं प्रथिन बसत असे. अक्षर बदललं की त्याला बसता येत नाही. परिणाम असा, की जन्मानंतर स्नायूत आयजीएफ-२ चा आरएनए सुमारे तिपटीने वाढतो. डुक्कर जास्त मांसल होतं, पाठीवरची चरबी घटते. यकृतात किंवा गर्भाच्या स्नायूत हा फरक दिसत नाही. शिवाय जनुकाची फक्त बापाकडून आलेली प्रत चालते, त्यामुळे आईकडून आलेला बदल त्या पिलात गप्प बसतो. २००३ साली स्वीडन आणि बेल्जियममधल्या गटांनी हे मांडलं. दडपणाऱ्या प्रथिनाची ओळख पटायला २००९ उजाडलं.

या चारांवरून एक गोष्ट ध्यानात घ्या. चौथ्या उदाहरणात तुम्ही गर्भाचा स्नायू तपासला असता तर काहीच दिसलं नसतं, यकृत तपासलं असतं तरी नाही, आणि आईबापाचा हिशेब न ठेवता आकडे एकत्र केले असते तर परिणाम निम्म्यावर आला असता. पाठीच्या स्नायूचा, कापल्यानंतर काही मिनिटांनी घेतलेला नमुना म्हणजे लांबलचक प्रवासातलं एक छायाचित्र आहे. प्रवास तर फार आधी सुरू झालेला असतो. डुकरिणीचा गर्भकाळ ११४ दिवसांचा. साधारण ३५ ते ५५ दिवसांत प्राथमिक स्नायुतंतू बनतात, ५५ ते ९० दिवसांत त्यांच्याभोवती दुय्यम तंतू. जन्मल्यावर तंतूंची संख्या फारशी बदलत नाही, पुढे ते फक्त जाड होतात. संख्या कमी पडलेल्या पिलाचे तंतू अधिक जाड होतात, आणि फार जाड, वेगवान तंतूंचं मांस पाणी धरण्यात कमी पडतं. हे ठरवणारी मायोडी, मायोजेनिन यांसारखी जनुकं तेव्हा धडाक्यात चालू होती. सहा महिन्यांच्या डुकरात ती शांत असतील आणि तुमच्या यादीत त्यांचा मागमूस नसेल.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती अजूनही जागोजागी होताना दिसते. स्नायूतल्या चरबीवर, म्हणजे मांसात बारीक रेषांसारखी दिसणारी जी चरबी असते तिच्यावर, मी काम करत होतो. ही चरबी चवीसाठी आणि रसाळपणासाठी महत्त्वाची मानतात. दोन ते तीन टक्के असावी असं म्हणतात, आणि कमी चरबीसाठी पिढ्यान्पिढ्या निवडलेल्या वंशांत ती एक-दीड टक्क्यावर आलेली असते. ड्युरॉक जातीत ती जास्त, म्हणूनच तो नर म्हणून इतका वापरतात. मी जास्त चरबीची आणि कमी चरबीची डुकरं निवडली, आरएनए वाचला, आणि यादीच्या अगदी वर एफएबीपी-४, अ‍ॅडिपोनेक्टिन, पेरिलिपिन-१ ही नावं आली. मला वाटलं, चरबी ठरवणारी जनुकं हाती लागली! पुढे त्याच स्नायूंचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा लक्षात आलं, की ही जनुकं मुळात चरबीपेशींचीच आहेत. ज्या तुकड्यात चरबीपेशी जास्त, त्यात त्यांचा आरएनए जास्त. मी वर्षभर काम करून चरबीपेशी मोजल्या होत्या, आणि तेवढं तर तराजूनेही झालं असतं.

तंतूंच्या प्रकाराचंही तसंच आहे. डुकराच्या स्नायूत मायोसिनचे चार मुख्य प्रकार असतात: संथ प्रकाराचा एमवायएच-७, आणि वेगवान गटातले एमवायएच-२, एमवायएच-१ आणि एमवायएच-४. संथ तंतू ऑक्सिजन वापरून चालतात, लालसर असतात. एमवायएच-४ वाले तंतू ग्लायकोजेनवर जगतात, पांढुरके असतात आणि आम्लही जास्त बनवतात. डुकराची खासियत अशी, की संथ तंतू पुंजक्याने एकत्र असतात आणि त्यांच्याभोवती वेगवान तंतूंचं कडं. त्यामुळे नमुना घेताना सुई थोडी इकडे किंवा तिकडे गेली तरी प्रमाण बदलतं. मांडीतल्या सेमिटेन्डिनोसस या एकाच स्नायूची आतली बाजू लाल आणि बाहेरची पांढरी असते. तुमच्या यादीत श्वसनसाखळीची (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारी) जनुकं एका गटात आणि ग्लायकोलिसिसची (ऑक्सिजनशिवाय साखर तोडणारी) दुसऱ्या गटात एकगठ्ठा आली असतील, तर बहुधा ती तंतूंच्या मिश्रणाची बातमी आहे. ती बातमी खोटी नाही, उपयोगीही आहे, कारण मिश्रणाचा दर्जावर खरंच परिणाम होतो. पण मग शोधायला हवं ते मिश्रण ठरवणारं जनुक. ते मिश्रण मोजून दाखवणाऱ्या शंभर जनुकांना कारण म्हणता येत नाही.

आणखी दोन सापळे आहेत, अगदी रोजच्या कामातले.

एक, संदर्भ म्हणून घेतलेलं जनुक. पीसीआर (ठरावीक जनुकांचा आरएनए मोजायची पद्धत) करताना बहुतेक जण सवयीने जीएपीडीएच हेच जनुक स्थिर मानून बाकीच्यांची पातळी त्याच्या तुलनेत काढतात. पण जीएपीडीएच हे ग्लायकोलिसिसमधलंच विकर आहे! पांढऱ्या तंतूंत ते भरपूर, लाल तंतूंत कमी. ज्या गोष्टीचा तुम्ही अभ्यास करताय, तिच्यानुसारच तुमची मोजपट्टी आखडते किंवा ताणली जाते. दोनतीन वेगवेगळ्या कामांची जनुकं संदर्भाला घ्या आणि तुमच्याच नमुन्यांत ती स्थिर आहेत हे आधी तपासा.

दुसरा, कापण्याच्या रांगेतला क्रम. एफओएस, ईजीआर-१, एटीएफ-३ ही जनुकं ताण आला की मिनिटांत उसळतात. शेवटी कापलेल्या डुकरांनी गोंधळ जास्त ऐकलेला असतो. नमुना घ्यायला एकाला पाच मिनिटं लागली आणि दुसऱ्याला वीस, तर तोही फरक याच जनुकांत दिसतो. ही नावं यादीच्या शेंड्यावर दिसली की मी नोंदवही मागवून वेळा बघतो. साधा तर्क लावा: जनुक चालू झाल्यापासून त्याचं प्रथिन बनून कामाला लागायला वेळ लागतो. कापण्याआधीच्या पाच मिनिटांत वाढलेल्या आरएनएचं प्रथिन पुढच्या पाऊण तासात सामू पाडेल, हे फार अवघड आहे. त्या पाऊण तासात जे घडतं ते आधीपासून तयार असलेल्या विकरांच्या बळावर, आणि ती चालू-बंद होतात ती कॅल्शियममुळे, फॉस्फेट चिकटल्यामुळे. मऊपणाचंही तेच आहे: कॅल्पेन हे विकर तंतू तोडतं, कॅल्पास्टॅटिन त्याला आवरतं, आणि दोघांचं भांडण कापल्यानंतर दिवसेंदिवस चालतं, तेव्हा नवा आरएनए कुठून येणार?

मग आरएनए मोजणं व्यर्थ आहे का? अजिबात नाही. प्रश्न नीट विचारला तर ते फार मोलाचं साधन आहे. मला सर्वांत भरवशाची वाटते ती एकाच डुकरातल्या दोन प्रतींची तुलना. एखाद्या जनुकाच्या दोन प्रतींत एका अक्षराचा फरक असेल, तर कोणत्या प्रतीचा आरएनए किती, हे वेगळं मोजता येतं. ताण तोच, खाद्य तेच, कापल्याची वेळ तीच, तंतूंचं आणि चरबीपेशींचं मिश्रणही तेच. तरीही एक प्रत दुसरीपेक्षा जास्त बोलत असेल, तर फरक त्या प्रतीच्या आसपासच्या डीएनएत आहे किंवा ती आईकडून आली की बापाकडून यात आहे. परिणाम आणि कारण वेगळं करायला याहून स्वच्छ मार्ग मला माहीत नाही.

दुसरा मार्ग मोठ्या संख्येचा. डीएनएतला कोणता फरक कोणत्या जनुकाची पातळी बदलतो याचे नकाशे आता उपलब्ध आहेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पिगजीटेक्स प्रकल्पात ३४ प्रकारच्या ऊतकांतले पाच हजारांहून अधिक आरएनए नमुने एकत्र केले आहेत. मांसाच्या दर्जाशी जोडलेला डीएनएचा भाग आणि एखाद्या जनुकाची स्नायूतली पातळी बदलणारा भाग एकाच जागी पडत असेल, तर त्या जनुकावर वेळ घालवण्यासारखा आहे. सगळ्याचा आधार असलेला डुकराचा संदर्भ जनुकसंच एका ड्युरॉक मादीचा आहे, त्यामुळे दूरच्या जातींचे काही तुकडे त्यावर नीट बसत नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

पैदाशीबद्दल विचारलंत. स्नायूतल्या चरबीची आनुवंशिकता (डुकराडुकरांतल्या फरकापैकी जनुकांचा वाटा) बरीच जास्त, सुमारे ०.५ आहे, सामू आणि सुटणाऱ्या पाण्याची ०.२ च्या आसपास. म्हणजे चरबीवर निवड केली तर फळ लवकर दिसतं. पाण्याच्या बाबतीत मोठा वाटा हाताळणी, विश्रांती आणि थंड करण्याच्या वेगाचा आहे. निवडीला डीएनएची खूणच वापरावी, आरएनएची नको. आरएनए त्या दिवसाचा आणि त्या स्नायूचा असतो, आणि जो नर पैदाशीला ठेवायचा आहे त्याच्या पाठीतून दरवेळी तुकडा काढणंही बरं नव्हे. आरएनएचा उपयोग खूण शोधण्यापुरता करा.

तुमच्या हातात जे आहे त्यावर आता काय करता येईल? यादी मिटवून ठेवा. सगळ्या डुकरांच्या डीएनएवर आरवायआर-१, पीआरकेएजी-३ आणि पीएचकेजी-१ या तिघांच्या ज्ञात बदलांची तपासणी करा. स्वस्त आहे आणि एका दिवसात होते. कोणी वाहक निघाला तर त्याला वेगळा काढून तुलना पुन्हा करा, अर्धी यादी तिथेच गळेल असा माझा अनुभव आहे. मग उणे ८० अंशांवर ठेवलेल्या तुकड्यांतून ग्लायकोजेन, ग्लुकोज-६-फॉस्फेट, ग्लुकोज आणि लॅक्टेट मोजा. ग्लायकोजेन तुटून लॅक्टेट होत असल्याने, लॅक्टेटमध्ये बाकीच्या तिघांच्या बेरजेची दुप्पट मिळवली की जिवंतपणी स्नायूत किती जळण होतं त्याचा अंदाज येतो, नमुना थोडा उशिरा घेतला असला तरी. त्यावरून डुकरं दोन गटांत वाटा: जळण जास्त असलेली आणि जळण नेहमीचंच पण सामू भराभर पडलेली. प्रत्येक तुकड्यातून एक पातळ छेदही घ्या, तंतू आणि चरबीपेशी मोजा, आणि ते आकडे विश्लेषणात घाला. एवढं केल्यावर जी पंधरावीस जनुकं उरतील ती मला कळवा, त्यांच्यावर मी आनंदाने वेळ देईन.